शोचा आदला दिवसपण द्या: सांगली-मिरजेतल्या हॉलवाल्यांना आणि संस्थांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

सांगली, मिरज, कुपवाड भागात जे कोणी नाट्यगृहांचं, सभागृहांचं बुकिंग बघतात, हिवाळ्यात महोत्सव, व्याख्यानमाला, स्पर्धा ठेवतात, मिटिंगला बसून कुठल्या तारखेला काय घ्यायचं ते ठरवतात, त्या सगळ्यांना हे पत्र. कुणा एकाला धरून लिहिलेलं नाहीये.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. आम्हाला आमच्या दोन नवीन डान्सचा पहिला शो सांगलीत करायचाय, जानेवारीत, आणि त्यासाठी हॉल शोच्या दिवसासोबत आदल्या दिवशीपण पाहिजे, सकाळी नऊ ते रात्री नऊ. रिकामं स्टेज, चालू लाइट आणि किल्ली असलेला एक माणूस, एवढंच. गेल्या काही महिन्यांत ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं पहिलं वाक्य एकच होतं, "आदला दिवस कशाला, डान्सच तर आहे, दुपारी चारला स्टेज देतो की." कोणी वाईट बोललं नाही, चहा पाजला, पण त्या "डान्सच तर आहे" मध्ये जे राहून जातंय ते फोनवर दोन मिनिटांत सांगता येत नाही म्हणून लिहायला बसले.

आम्ही सात जण आहोत. पाच नाचणारे, एक जण आवाज बघतो, आणि मी लाइट बघते. मी पण आधी नाचायचे, लहानपणापासून भरतनाट्यम शिकले, मग दोन वर्षं बंगळुरूला कंटेम्पररी, म्हणजे आजच्या काळातला नवीन नाच शिकले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लाइटकडे आले, आता त्यातच जीव रमतो. बाकीच्यांतली एक बँकेत आहे, एकीचे विश्रामबागला क्लास आहेत, एक एमएस्सी करतोय, एक जण वडिलांचं दुकान सांभाळून संध्याकाळी येतो, आणि एक कवठेमहांकाळकडची, तिच्या घरात आजोबांपासून धनगरी गजनृत्य आहे. शाळा सुटली की एका शाळेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल आम्हाला मिळतो, सात ते साडेनऊ, भाडं नाममात्र, त्या शाळेचे उपकारच आहेत. साधारण वीस बाय पंचवीस फुटांची जागा, शहाबादी फरशी, डिसेंबरात ती इतकी गार पडते की पहिली वीस मिनिटं सगळे मोजे घालून नुसतं चालत राहतात, पाय गरम झाल्याशिवाय उडी मारायची नाही हा आमचा नियम, कारण थंडीत पोटरी धरली की पंधरा दिवस गेले.

दोन नवीन कामं आहेत. पहिलं हरिपूरच्या पेवांवर.

आपल्यातल्या किती जणांनी पेव आतून बघितलंय? मी जन्मले सांगलीत, संगमेश्वराला शेकडो वेळा गेले असेन, कृष्णा-वारणेच्या संगमावर बसले असेन, पण त्याच हरिपूरच्या जमिनीखाली हळद साठवायची पेवं आहेत हे मला शाळेत एका ओळीच्या पलीकडे कधी कोणी सांगितलं नाही. वर तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं, मोठ्या रांजणासारखं. हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं, आत हवा नाही त्यामुळे कीड नाही, माल टिकतो. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली, त्यानंतर हा सगळा व्यवहारच कमी होत गेला. आम्ही गेलो तेव्हा तिथं एक म्हातारे गृहस्थ भेटले, तरुणपणी पेवात उतरून हळद काढायचं काम केलेले. त्यांना म्हटलं, काका, उतरायचं कसं ते दाखवा ना. ते उठले, धोतर सावरलं, आणि अंगणातच दोन्ही हात वर करून खांदे आत घेतले, छाती रिकामी केली, आणि गुडघ्यातून हळूहळू खाली गेले, अंगणातल्या सपाट जमिनीवर, पण आम्हाला सगळ्यांना तिथं भोक दिसलं. मग म्हणाले, "आधी तोंड उघडून ठेवायचं. वारं जाऊ द्यायचं. मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा, विझला तर न्हाई."

आमचा डान्स तिथून सुरू होतो. स्टेज पूर्ण काळं, आणि वरून एक छोटा दिवा हळूहळू खाली येतो, पावणेदोन मिनिटं फक्त तो दिवा येतोय, आणि खाली पाच जण श्वास धरून त्याच्याकडे बघतायत. संगीत नाही. दिवा टिकला की पहिली मुलगी खांदे आत घेऊन उतरायला लागते. पुढं सगळं हाताचं काम आहे, गड्ड्यापासून हळकुंड मोडून बाजूला करताना बायकांची मनगटं जशी फिरतात ना, अंगठ्यानं दाबून झटक्यात, तीच हालचाल पाच जणांत आधी बोटांनी, मग कोपरानं, मग अख्ख्या पाठीनं, वाढत वाढत जाते. जानेवारीत काढणी सुरू होते तेव्हा शेतात जाऊन बसलो होतो आम्ही, दोन दिवस, एकीनं तर बायकांबरोबर कामच केलं, तिची नखं आठवडाभर पिवळी होती.

आता मला सांगा, तो दिवा वरून सोडायचा म्हणजे काय काय लागतं. बारवर, म्हणजे स्टेजच्या वर लाइट टांगायचा आडवा पाइप असतो त्यावर, पुली बांधायची, वायर मोकळी फिरली पाहिजे, दिवा वाटेत हेलकावे खाता कामा नये, आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यावर येणार असल्यामुळे दोन ठिकाणी सेफ्टी चेन पाहिजे. शिडीवर चढून, बार खाली घेऊन, परत वर नेऊन, कमीत कमी पाच-सहा वेळा बघावं लागतं. हे दुपारी चारला हातात स्टेज मिळाल्यावर होत नाही. होत नाही म्हणजे होतच नाही, माणसाच्या डोक्यावरचा दिवा घाईत बांधायचा नसतो.

दुसरं काम पुरावर आहे. त्याबद्दल जास्त सांगत नाही कारण सांगलीत पूर समजावून सांगायची गरज नाही, जुलै-ऑगस्ट आला की प्रत्येक घरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या पुढं गेलं होतं. स्टेजवर आडवा एक पांढरा दोरा आहे, तो दर काही मिनिटांनी थोडा वर सरकतो, आणि नाचणाऱ्यांनी त्या दोऱ्याच्या वरच राहायचं, आधी सोपं असतं, मग एकमेकांच्या मांडीवर, मग खांद्यावर. शेवटी दोरा खाली उतरतो आणि भिंतीवर फक्त पाण्याची रेघ राहते, लाइटनं काढलेली. ती रेघ अगदी सरळ यायला पाहिजे. आपल्या सगळ्यांच्या भिंतींवर ती होती, वाकडी आली तर सांगलीतल्या माणसाला लगेच कळेल.

दोन्ही मिळून माझ्या वहीत लाइटचे ३८ क्यू आहेत, म्हणजे ३८ वेळा लाइट बदलतो. प्रत्येक क्यूला नाचणाऱ्यांना जागेवर उभं करायचं, लाइट फिरवायचा, सावली कुठं पडते बघायचं, डिमरवर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या बटणावर, आकडा बघून लिहून घ्यायचा, घाई केली तरी दहा मिनिटं जातात. ३८ गुणिले दहा म्हणजे सहा तास वीस मिनिटं, त्यात जेवण नाही, फ्यूज उडणं नाही. आणि हे फक्त लाइटचं. मग आवाज. मग अंतर. शाळेच्या हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकाला पाच पावलांत जाणारी मुलगी खऱ्या स्टेजवर नऊ पावलं घेते, तेवढ्यात तिचा ठेका निघून गेलेला असतो, तिला उचलणारा मुलगा हात पसरून उभा आणि ती अजून वाटेत. हे सगळं पायात बसायला स्टेजवर दोन-तीनदा पूर्ण नाचावं लागतं.

अजून एक गोष्ट खास हिवाळ्याची. आम्ही नाचायला विनायलचे रोल पसरतो, रबरासारखे असतात, त्यावर पाय घसरत पण नाही आणि चिकटत पण नाही. तीन वर्षं पैसे जमवून सेकंडहँड घेतलेत, आमच्याकडची सगळ्यात महागाची वस्तू तीच. तर थंडीत विनायल ताठ होतं. गुंडाळी सोडली तरी कडा वर येतात, मधे फुगे राहतात, टेप मारली तरी तासाभरात निघते. ते रात्रभर सपाट पसरून ठेवलं की सकाळी अंगाला लागल्यासारखं बसतं. कडा वर असलेल्या फ्लोअरवर अनवाणी पाय अडकला तर काय होतं ते कुणाही डान्सवाल्याला विचारा.

नाटकवाले मित्र म्हणतात आम्ही तर बसमधनं उतरतो, दोन तासांत सेट लावतो, रात्री प्रयोग करतो. खरंय, आणि त्या बॅकस्टेजच्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो शंभरावा, दोनशेवा प्रयोग असतो, कुठला लाइट कुठं ते माणसांच्या हातात बसलेलं असतं. तेच नाटक पहिल्यांदा उभं राहतं तेव्हा? तेव्हा तेही रंगीत तालीम करतातच ना, कपड्यांसकट, सेटसकट, लाइटसकट, पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत न थांबता. रंगीत तालीम हा शब्द आपलाच आहे, कितीतरी पिढ्या वापरतोय. मी दुसरं काहीच मागत नाहीये. डान्सलापण रंगीत तालीम लागते, आणि ती तालमीच्या जागेत होत नाही, स्टेजवरच होते.

आता जे लिहितेय ते लिहायचं की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. हॉलचं नाव घेणार नाही, गावाचंपण नाही, कारण चूक त्या एका जागेची नाहीये, असं सगळीकडेच होतं. दोन वर्षांपूर्वी थंडीत आमचा एक शो होता, संध्याकाळी सातचा. स्टेज चारला मिळणार होतं, सकाळी तिथं दुसरा कार्यक्रम होता, तो लांबला, मिळालं पावणेसहाला. पायघड्यांवरची फुलं चिरडून स्टेज ओलं झालेलं, आधीच्या कुठल्यातरी सेटचे खिळे लाकडात तसेच. आम्ही सगळे गुडघ्यावर बसून हातानं चाचपत खिळे काढत होतो, मोबाईलच्या टॉर्चमध्ये, प्रेक्षक बाहेर उभे. बावीस खिळे निघाले, मी मोजले होते. तेविसावा राहिला. तो शो सुरू झाल्यावर बाराव्या मिनिटाला आमच्या सगळ्यात लहान मुलीच्या टाचेत गेला. तिनं आवाज केला नाही, त्या सीनचं उरलेलं नाचली, विंगेत आली आणि बसली, मी लाइटच्या टेबलावरून फक्त एवढंच बघितलं की ती परत यायच्या जागी आली नाही आणि चौघं जण तिची रिकामी जागा सांभाळत नाचतायत. नंतर टिटॅनसचं इंजेक्शन, तीन आठवडे घरी. ती आता बरी आहे, नाचते, या दोन्ही कामांत आहे, दिव्याखाली पहिली उतरणारी तीच.

त्या दिवशी कवठेमहांकाळवाल्या मुलीचे आजोबा आले होते शोला. आयुष्यभर बिरोबाच्या यात्रेत ढोलावर नाचलेला माणूस. सगळं झाल्यावर ते स्टेजवर चढले, चपला काढल्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, पाय घासत. परत आले आणि नातीला म्हणाले, "आमी नाचायच्या आदी रान पायाखालनं घालतो. खडा दिसला तर उचलतो. तुमाला तेवढाबी टाइम दिला न्हाई व्हय गं?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही.

आता इतिहासाचं. आपण सगळे ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं, मोठमोठे कलाकार सांगलीत येतात, त्या दिवशी गाव किती छान वाटतं. १८४३ ला इथंच भाव्यांचं सीतास्वयंवर झालं, मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात ते. पण त्याच्या आधीचं वर्ष बघा. १८४२ ला कर्नाटकातून भागवत मंडळींचा खेळ सांगलीत आला, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तो बघितला, आणि आपल्याकडे आपल्या भाषेत असं काही व्हावं म्हणून भाव्यांना सांगितलं. भावे तेव्हा तरुण, लाकडी बाहुल्या करणारे. त्यांना वेळ मिळाला, संस्थानचा आधार मिळाला, माणसं मिळाली, जागा मिळाली, तेव्हा कुठं पहिला प्रयोग झाला. राजेसाहेबांनी "नाटकच तर आहे, दुपारी चारला दिवाणखाना देतो" असं म्हटलं असतं तर आपण काय साजरं केलं असतं?

आणि त्या खेळांत नाच होताच. विष्णुदासी नाटकात सुरुवातीला गणपती यायचा, मग सरस्वती मोरावर बसून नाचत यायची, त्यानंतर कथानक. म्हणजे मराठी रंगभूमीनं डोळे उघडले तेव्हा समोर कोणीतरी नाचत होतं. पुढं देवल झाले हरिपूरचे, खाडिलकर झाले सांगलीचे, मिरजेत बालगंधर्वांनी पहिल्यांदा किर्लोस्कर मंडळीत पाऊल टाकलं, वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू. या मातीत नवीन काहीतरी पहिल्यांदा करून बघायची सवय आहे. गेल्या काही वर्षांत मात्र आपल्याकडे जे येतं ते पुण्या-मुंबईत आधी होऊन, गाजून, मग येतं. पहिल्यांदा इथं काय झालं असं विचारलं तर मला पटकन सांगता येत नाही.

"पण हे वेस्टर्न ना?" हा प्रश्न हमखास येतो म्हणून थोडं लिहिते. चंद्रलेखा नावाच्या मोठ्या कोरिओग्राफर होऊन गेल्या, जन्म आपल्याच महाराष्ट्रातला, वाडा नावाच्या गावचा, ६ डिसेंबर १९२८ चा, काम केलं चेन्नईत. १९५२ ला त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, आंध्रातल्या रायलसीमेच्या दुष्काळासाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम होता. आणि त्या नाचत होत्या यमुनेच्या पाण्यावर, मुली पाण्यात खेळतायत, पाणी उडवतायत, असा सगळा अभिनय. नाचता नाचता त्यांच्या डोळ्यांसमोर दुष्काळातली भेगाळलेली जमीन आली आणि त्या आतून थांबल्या. आपण काय नाचतोय आणि बाहेर काय चाललंय, हा प्रश्न त्यांनी नंतर आयुष्यभर सोडला नाही. १९८५ ला त्यांचं अंगिका हे काम आलं, भरतनाट्यम, योग आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू एकत्र आणून, त्यात देव नाहीत, राजे नाहीत, माणसाचं शरीर आहे, त्याचं काम, त्याची ताकद. भारतातल्या कंटेम्पररी डान्सचं नाव घेतलं की ते काम घ्यावंच लागतं. मला ती १९५२ ची गोष्ट कळली तेव्हा मी बंगळुरूला होते आणि मला थेट आपला जिल्हा आठवला, एकाच वर्षी जतला टँकर आणि सांगलीत बोटी. हे नाचायला परदेशातून काय आणायचंय?

अस्ताद देबू हे नर्तक पण तसेच, १० डिसेंबर २०२० ला गेले. कथक शिकलेले, कथकली शिकलेले, परदेशात शिकलेले, आणि मग मणिपूरच्या ढोल वाजवणाऱ्यांबरोबर, ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. ज्यांना संगीत ऐकू येत नाही ती मुलं एका तालात नाचतायत, कारण तेवढ्या तालमी केल्या. वेळ दिला. माझं म्हणणं फिरून तिथंच येतंय, मला माहितेय.

हिवाळाच का, असंही विचारलं गेलं, मार्च-एप्रिलमध्ये तारखा मोकळ्या असतात की. तर उन्हाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये फॅनखाली नाचणारा माणूस दहा मिनिटांत पाण्यावाचून बसतो, परीक्षा, मग लग्नसराई. पावसाळ्यात आपलं सगळ्यांचं लक्ष नदीकडे असतं, आणि पुरावरचं काम पुराच्या दिवसांत दाखवायची हिंमत माझ्यात नाही. हिवाळ्यात माणसं निवांत असतात, संध्याकाळी स्वेटर घालून बाहेर पडावंसं वाटतं. बऱ्याच ठिकाणी हाच सीझन आहे. चेन्नईत डिसेंबर-जानेवारीतला मार्गळी महिना म्हणजे गाणं आणि नाच, पुण्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सव १९५३ पासून, न्यूयॉर्कला आल्विन एलींची डान्स कंपनी दर डिसेंबरला सिटी सेंटर या थिएटरला सीझन करते, जुन्या कामांसोबत नवीन कामं तिथंच पहिल्यांदा लोकांसमोर येतात आणि लोक वर्षभर त्याची वाट बघतात. आपल्याकडेपण राज्य नाट्य स्पर्धा याच दिवसांत, शाळांचे गॅदरिंग याच दिवसांत. तारखांची अडचण मला दिसते, खरंच दिसते. म्हणून शनिवार-रविवार मागतच नाहीये. मंगळवार-बुधवार द्या. दोन-तीन हॉलच्या नोंदवहीत स्वतः बघितलंय, आठवड्याच्या मधले दिवस कितीतरी कोरे असतात.

पैशाचं सरळ बोलते. शोच्या दिवसाचं पूर्ण भाडं देणार, त्यात काही सवलत नको. आदल्या दिवसाचं तीन सेशनचं भाडं मात्र झेपत नाही, कारण तिकीट आम्ही शंभर रुपयेच ठेवणार आहोत, हरिपूरहून हळदीच्या कामावरच्या बायका यायला पाहिजेत आणि त्यांना पास देऊन एका कोपऱ्यात बसवायचं नाहीये, पुढच्या तीन रांगा त्यांच्याच. तेव्हा आदल्या दिवशी एका सेशनचं भाडं आणि जळेल तेवढी वीज, मीटर बघून, असं काही ठरवता येईल का? लिहून द्या, आम्ही सही करतो. डिपॉझिट ठेवतो.

त्याच्या बदल्यात आमच्याकडून जे होईल ते असं. स्टेजवरचा एकूण एक खिळा काढून, फटी साफ करून, घासून देतो, ते पुढच्या सगळ्यांनाच कामाला येईल. तुमचे जे लाइट बंद पडलेत त्यातले दिवे, वायरी, प्लग जेवढं मला येतं तेवढं दुरुस्त करून देते, गेल्या वर्षी एका ठिकाणी सहा लाइट चालू करून दिलेत. आणि आदल्या दिवशी दुपारी तीन ते साडेचार तालीम शाळेतल्या मुलांसाठी उघडी ठेवतो, महापालिकेच्या शाळांतली मुलं आली तर जास्त आनंद, त्यांनी लाइट कसा लावतात ते बघावं, स्टेजवर यावं, विनायलवर अनवाणी पळून बघावं. आमच्या लहानपणी आम्हाला पडद्याच्या मागचं कधी कोणी दाखवलं नाही.

संस्थांसाठी दोन-तीन गोष्टी वेगळ्या. तुम्ही शो घेतलात, बॅनर तुमचा, तर आम्हाला फार बरं वाटेल, पण दोन डान्सच्या मधे सत्कार नको. सत्काराला विरोध नाहीये, सुरुवातीला घ्या, शेवटी घ्या, अर्धा तास घ्या. मधे थांबलं की नाचणाऱ्यांचं अंग गार पडतं, आणि जानेवारीत गार पडलेल्या अंगानं दुसऱ्याला खांद्यावर उचलायचं म्हणजे दोघांची कंबर धोक्यात. तसंच शेवटी "लोकांसाठी एक लावणी घ्या" असं कृपा करून सांगू नका. लावणी आम्हाला जीव की प्राण आहे, म्हणूनच. ज्यांनी आयुष्य घातलंय त्यांनी ती करावी, त्यांना वेगळी तारीख द्या, मानधन द्या, आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू. आणि डास मारायचा धूर शोच्या आधी अर्ध्या तासात सोडू नका, आत श्वास घेता येत नाही, हे फार बारीक वाटेल पण तीन वेळा झालंय.

प्रेक्षक येणार नाहीत ही तुमची काळजी मला समजते. समजलं नाही तर लोक काय म्हणतील, हीपण. आम्ही मे महिन्यात पेवाच्या कामातला आठ मिनिटांचा तुकडा हरिपुरात एका अंगणात करून दाखवला होता, लाइट नाही, स्टेज नाही, चाळीसेक लोक. कंदील खरा होता, झाडाच्या फांदीवरून सोडलेला. ते म्हातारे काका खुर्ची घेऊन बसले होते. कंदील खाली येताना एकदा वाऱ्यानं फडफडला, आणि अंगणातल्या सगळ्या लोकांनी श्वास धरला, मला ऐकू आलं ते, चाळीस लोकांचा श्वास थांबलेला. कंदील टिकला. मुलगी खाली उतरायला लागली तेव्हा काका खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचे खांदे आत घेत होते. कुणीही विचारलं नाही की याचा अर्थ काय.

ते मला पूर्ण काळोखात, नीट बांधलेल्या दिव्याखाली, सांगलीच्या स्टेजवर करायचंय. आणि काकांचं वय बघता मला ते पुढच्या वर्षावर ढकलायचं नाहीये. पुण्यातून एका जागेनं दोन दिवस द्यायची तयारी दाखवलीये, विनातक्रार, आदल्या दिवसाचे पैसेपण घेत नाहीत. आम्ही त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत थांबतो असं सांगितलंय.

जानेवारीतला मकरसंक्रांतीनंतरचा कुठलाही मंगळवार-बुधवार चालेल. स्टेजची रुंदी, खोली, बार किती आहेत आणि खाली येतात का, लोड किती घेतो, एवढं कळवलंत तर मी लगेच येऊन बघून जाईन, टेप आणि शिडी माझी मी आणते. मंगळवारी सकाळी नऊला कोणीतरी दार उघडून द्यावं. कवठेमहांकाळचे आजोबा त्या दिवशी येणार आहेत, त्यांना स्टेजवरून एकदा चालून बघायचंय.

आपली,
सांगलीतल्या एका डान्स ग्रुपची लाइट बघणारी